सामाईक जागेची शिस्त : पेठेपासून सोसायटीपर्यंत

यंदाच्या स्मरणिकेसाठी एखादा इतिहासविषयक लेख द्यावा असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा प्रथम मनात आली ती आपल्या पूर्वजांची वतने, कुलदैवते आणि वंशावळी. परंतु हे विषय मागील अंकांतून अधिकारी लेखकांनी हाताळलेले आहेत, आणि त्यांत भर घालावी असे माझ्यासारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या निवृत्त शिक्षकाजवळ काही नाही. म्हणून ज्ञातिबांधवांसमोर मी एक अगदी साधा, दाराबाहेरचा विषय मांडीत आहे. आपल्या उंबरठ्यापलीकडे जो बोळ, जिना, चौक किंवा आवार असते, ते स्वच्छ व दुरुस्त कोणी ठेवावयाचे? तेथे वाहन कोणी व कोठे लावावयाचे? आणि जो ऐकणार नाही त्यास कोणी ऐकवावयाचे? आज आपल्यापैकी कित्येक घरांत शेजाऱ्यांशी बोलणे बंद झाले आहे ते शेताच्या बांधावरून नव्हे, तर गाडी लावण्याच्या जागेवरून किंवा वरच्या मजल्यावरून झिरपणाऱ्या पाण्यावरून. हा प्रश्न आजचा वाटतो, पण तो फार जुना आहे, आणि त्याच्या इतिहासात आपणांस घेण्यासारखे पुष्कळ आहे.

कौटिल्याचे अर्थशास्त्र म्हैसूरच्या आर. शामशास्त्री यांनी १९०९ मध्ये छापून प्रसिद्ध केले, तेव्हापासून राजनीतीच्या अभ्यासकांनी त्यातील मंडलसिद्धान्ताची पुष्कळ चर्चा केली आहे. परंतु त्याच ग्रंथात नगराच्या व्यवस्थेचे जे प्रकरण आहे, तिकडे सामान्य वाचकाचे लक्ष क्वचितच जाते. रस्त्यावर केरमाती टाकणारास एक अष्टमांश पण दंड, चिखलपाणी तुंबवून ठेवणारास पाव पण, आणि हेच राजमार्गावर केल्यास दुप्पट, असे दर तेथे दिलेले आहेत. आपल्या पाण्याने शेजाऱ्याच्या भिंतीस बाध आणणारास बारा पण दंड सांगितला आहे. आग लागली असता मदतीस धावून न जाणाऱ्या घरमालकास बारा पण व भाडेकऱ्यास सहा पण असा भेद केलेला आहे. भाडेकऱ्याची जबाबदारी निम्मी मानली, पण सोडून दिली नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. आणखी एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. घर, कुंपण, नाली यांविषयीच्या तंट्यांचा निर्णय लगतच्या शेजाऱ्यांच्या साक्षीवर व्हावा, असे हा ग्रंथ सांगतो. म्हणजे दंड राजाचा असला, तरी कोण चुकला हे शेजारी सांगणार. सत्तेचे बळ आणि शेजाऱ्याची माहिती या दोहोंची सांगड घातल्यावाचून वस्तीची शिस्त टिकत नाही, हे त्या काळीही उमगले होते.

आता आपल्या पुण्याकडे वळू. पेशवाईत शहर वाढू लागले तशा एकामागून एक पेठा वसल्या. सदाशिवरावभाऊंच्या नावाची सदाशिव पेठ, नारायणरावांच्या नावाची नारायण पेठ, नाना फडणविसांच्या नावाची नाना पेठ ही नावे आजही रोज आपल्या तोंडी आहेत. पेठ वसवावयाची म्हणजे तेथे शेट्ये व महाजन नेमावयाचे, उदमी व कारागीर यांस बोलावून जागा द्यावयाच्या, आणि त्यांच्यातील लहानसहान कज्जे तेथल्या तेथे मिटवावयाचे. या सर्वांवर कोतवालाची देखरेख असे. आज आपण कोतवाल म्हटले की चोर पकडणारा अधिकारी समजतो. परंतु पुण्याच्या कोतवालाकडे पेठांतील मोठे तंटे मिटविणे, बाजारातील दरांवर लक्ष ठेवणे, घरांच्या खरेदीविक्रीवर नजर ठेवणे, येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंद करणे आणि रस्ते, गल्ल्या व घरे यांविषयीचे वाद निकालात काढणे ही कामे होती. आज जी कामे महानगरपालिका, पोलीस, दुय्यम निबंधक व सोसायटीची कमिटी मिळून करतात, ती पुष्कळशी या एका खात्यात एकवटलेली होती.

एकवटलेल्या सत्तेचे जे होते तेच पुढे झाले. घाशीराम १७७७ मध्ये पुण्याचा कोतवाल झाला. शहरात त्याची जरब होती, आणि वरिष्ठांचे पाठबळही होते. परंतु त्याच्याविरुद्ध दाद मागावयास सामान्य माणसास जागा नव्हती. १७९१ मध्ये कोंडून ठेवलेले तैलंगी ब्राह्मण गुदमरून मरण पावले, तेव्हा इतकी वर्षे साचलेला संताप एकदम उसळला आणि जमावाने दगडांनी ठेचून घाशीरामाचा प्राण घेतला. विजय तेंडुलकरांच्या १९७२ च्या नाटकामुळे हे नाव घरोघर पोहोचले. नाटकाविषयी मतभेद असोत. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला त्यातून एवढेच घ्यावयाचे आहे की, ज्या अंमलदाराला कोणी जाब विचारू शकत नाही, त्याने लावलेली शिस्त त्याच्याबरोबर संपते, आणि मागे फक्त त्याचा तिटकारा उरतो.

इंग्रजी अमलात याच गोष्टीची पुनरावृत्ती निराळ्या रूपाने झाली. १८९६ मध्ये मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात प्लेग आला. दाट वस्ती, कोंदट खोल्या आणि तुंबलेल्या मोऱ्या यांकडे सरकारचे लक्ष गेले, हे योग्यच होते. परंतु १८९७ मध्ये पुण्यात रँडसाहेबाच्या हाताखाली जी व्यवस्था झाली, तीत घरे तपासण्याचे काम गोऱ्या सोजिरांकडे सोपविले गेले. देवघरात व माजघरात पायताणांसह शिरणे, सामानसुमान रस्त्यावर काढणे, रोग्यास घरच्यांपासून ओढून नेणे, हे लोकांना असह्य झाले. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. घर स्वच्छ ठेवा, हा हुकूम मुळात वाईट नव्हता. पण तो बजावणारा परका होता, आणि ज्याच्या घरात तो शिरला त्याचे म्हणणे ऐकून घेण्याची त्यास गरज वाटली नाही. मुंबईत याच साथीनंतर १८९८ मध्ये इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने जुन्या गल्ल्या पाडून रुंद रस्ते काढले व नवे भूखंड आखले. या ट्रस्टचा उल्लेख पुढे पुन्हा यावयाचा आहे.

कोतवाल आणि सोजीर यांविषयी मी वाचले आहे. वाड्याची शिस्त मात्र मी डोळ्यांनी पाहिली आहे. माझे बालपण १९६० नंतरच्या दशकात पुण्यातील एका जुन्या वाड्यात, भाड्याच्या दोन खोल्यांत गेले. दिंडी दरवाजा, आत चौक, चौकात हौद व तुळशीवृंदावन, मागे सामाईक संडास, असा तो वाडा होता. मालकांच्या घरातील एक वृद्ध विधवा होत्या. सारा वाडा त्यांस आत्याबाई म्हणे. लिहिलेला नियम एकही नव्हता, पण नियम पुष्कळ होते. सायकल ओसरीच्या खांबास टेकवावयाची नाही. दिंडीत सामान ठेवावयाचे नाही. ज्याची पाळी असेल त्याने सूर्योदयापूर्वी चौक झाडावयाचा. पावसाळ्याच्या आधी प्रत्येकाने आपल्या खोलीवरची कौले चाळून घ्यावयाची. आत्याबाई ओसरीवर जपमाळ घेऊन बसत आणि त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. वाडा आरशासारखा स्वच्छ असे, आणि आज लोक त्या दिवसांची आठवण काढून हळहळतात ती खोटी नव्हे.

पण त्याच वाड्याची दुसरी आठवण मला लिहिलीच पाहिजे. अगदी मागच्या खोलीत एक कुटुंब राहत असे. त्यांची जात आम्हां इतर भाडेकऱ्यांहून निराळी होती, आणि त्या काळच्या समजुतीप्रमाणे खालची मानली जाई. हौदापाशी शेवाळे धरले, की बोलणी त्यांना बसत. संडास अस्वच्छ दिसला, की हाक त्यांच्या घरी जाई. एकदा चौकातील फरशी आम्हां मुलांच्या विटीदांडूने फुटली. मी त्या खेळात होतो. आत्याबाईंनी मागच्या खोलीतील मुलास बोलावून थोबाडीत मारली. तो काही बोलला नाही आणि मीही बोललो नाही. साठ वर्षे होत आली, तरी ते मौन मला आठवते. शेजाऱ्याची नजर हे वस्तीच्या शिस्तीचे पहिले साधन आहे, पण ती नजर सर्वांवर सारखी पडत नाही. ज्या जुन्या शिस्तीचे आपण गोडवे गातो, तिचा भार कोणाच्या पाठीवर होता हेही सांगितले पाहिजे.

वाड्यांची व चाळींची पडझड का झाली, याचे उत्तर मात्र निराळे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घरांची टंचाई झाली. भाडेकऱ्यास संरक्षण मिळावे म्हणून १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा आला व भाडी १९४० च्या पातळीशी बांधली गेली. हजारो गरीब कुटुंबांचे छप्पर त्यामुळे टिकले, ही गोष्ट नाकारता येणार नाही. परंतु सिमेंट, लाकूड व मजुरी यांचे दर चढत गेले आणि भाडे तेथेच राहिले, तेव्हा दुरुस्ती करण्यात मालकास स्वारस्य उरले नाही. भाडेकरू म्हणे घर मालकाचे, मालक म्हणे उपभोग भाडेकऱ्याचा. दोघांच्या मधे तुळया कुजल्या. अखेर १९६९ मध्ये मुंबई शहरातील जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी कायदा करून मंडळ नेमावे लागले, आणि इमारतींवर उपकर बसवून त्यातून दुरुस्तीचा खर्च भागविण्याची योजना झाली. ज्या वास्तूला कोणी आपली म्हणत नाही, तिची डागडुजी सरकारी खर्चाने पुरी पडत नाही, हा त्या इतिहासाचा धडा आहे.

या कोंडीतून बाहेर पडण्याचा मार्ग त्याआधीच मुंबईत काही जाणत्या माणसांनी शोधला होता, आणि ज्ञातिसंस्थेच्या या स्मरणिकेत त्याचा उल्लेख अवश्य झाला पाहिजे. श्रीपाद सुब्राव तालमकी हे व्यवसायाने वकील. चित्रापूर सारस्वत समाजातील या गृहस्थांनी १९०६ मध्ये आपल्या गुरूंच्या नावाने शामराव विठ्ठल सहकारी पतसंस्था काढली, जी आज एक मोठी बँक आहे. १९११ मध्ये कानडा सारस्वत असोसिएशनची स्थापना झाली. नोकरीसाठी मुंबईस येणाऱ्या कारकून मंडळींना परवडेल असे स्वच्छ घर मिळत नाही, हे पाहून १९१५ मध्ये सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदविण्यात आली, आणि गावदेवी येथे इंप्रूव्हमेंट ट्रस्टने आखलेल्या भागात तिच्या इमारती उभ्या राहिल्या. देशातील सहकारी गृहनिर्माणाचा आरंभ सामान्यतः येथून धरतात. या संस्थेची घडण लक्षात घेण्यासारखी आहे. इमारत संस्थेच्या मालकीची. सभासद हा एकाच वेळी भागधारक आणि भाडेकरू. म्हणजे ज्याच्याकडून भाडे घ्यावयाचे तोच मालकांपैकी एक. कौल फुटले तर तक्रार कोणाकडे करावयाची? आपल्याचकडे. वाड्यात मालक व भाडेकरू यांच्यामधे जी दरी पडली होती, ती या युक्तीने बुजविली गेली.

त्यांच्यामागून मुंबईत इतर कित्येक ज्ञातींनी आपापल्या वसाहती उभारल्या. त्यांत ज्ञातीच्या वडीलधाऱ्यांचा शब्द होताच, पण त्याबरोबर उपविधी, इतिवृत्ताची वही, वार्षिक सभा व तपासलेले हिशेब आले. वडीलधाऱ्यांसही सभेत उभे राहून हिशेब द्यावा लागे. माझ्या मते खरी क्रांती ही होती. आत्याबाईंना कोणी हिशेब मागू शकत नव्हते. चिटणिसास मागता येत होता.

महाराष्ट्र राज्य झाले आणि १९६० चा सहकारी संस्थांचा कायदा आला. १९६३ च्या कायद्याने सदनिका विकत घेणाऱ्यांस संरक्षण मिळाले व बांधणाऱ्याने सोसायटी नोंदवून द्यावी असे ठरले. आज शहरात राहणारी आपली बहुतेक कुटुंबे अशाच सोसायट्यांत आहेत, आणि तेथे शेजारी एका ज्ञातीचे नसतात. समोर गुजराती, वर मल्याळी, खाली मराठवाड्याहून आलेले कुटुंब. ज्ञातीतील थोरांचा धाक येथे चालत नाही, आणि चालू नये. येथे अधिकार आहे तो लिहिलेल्या नियमाचा. आदर्श उपविधींत सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का रक्कम दरसाल दुरुस्ती व देखभाल निधीसाठी आणि किमान पाव टक्का सिंकिंग फंडासाठी घ्यावी असे सांगितले आहे. पुष्कळ सोसायट्या मासिक वर्गणी कमी ठेवण्यासाठी हे निधी घेत नाहीत, आणि पंचवीस वर्षांनी गच्ची गळू लागली म्हणजे दारोदार वर्गणी मागतात. कौले दरसाल चाळणारे आपले पूर्वज याहून शहाणे होते.

आता वाहनांविषयी. एके काळी पुणे हे सायकलींचे शहर म्हणून प्रसिद्ध होते. ज्या इमारती तेव्हा बांधल्या गेल्या, त्यांत मोटारींसाठी चारदोन जागा म्हणजे चैन वाटे. पुढे स्कूटर आली, मोटार आली, आणि जमीन होती तेवढीच राहिली. मग इमारतीखालची खांबांमधली मोकळी जागा बांधणारे वेगळी विकू लागले. दहिसर येथील एका सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी निर्णय दिला की, अशी जागा ही स्वतंत्र सदनिका नव्हे. ती बांधणाऱ्यास वेगळी विकता येत नाही, ती सर्वांची सामाईक आहे. सामाईक जागा वाटावयाची कशी, याची रीत आदर्श उपविधींत आहे. वाटपाचे धोरण सर्वसाधारण सभेने ठरवावयाचे. एका सभासदास साधारणतः एक जागा. मागणारे अधिक आणि जागा कमी असतील तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकावयाच्या. याहून सरळ न्याय कोणता? परंतु ज्याची गाडी दहा वर्षे एका खांबाशी उभी आहे, त्यास तो खांब आपल्या वडिलांचा वाटू लागतो. सार्वजनिक रस्त्यावरील गाडी वाहतूक पोलीस उचलून नेतात; सोसायटीच्या फाटकाच्या आतला हा खांब मात्र सभेनेच सोडवावा लागतो.

येथे स्वतःची एक गोष्ट सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही. सेवानिवृत्तीनंतर आमच्या चोवीस बिऱ्हाडांच्या सोसायटीने मला चिटणीस केले. शाळेत पस्तीस वर्षे रांगा लावलेल्या माणसाने उत्साहाने कामास आरंभ केला. जिन्यातील चपलांची कपाटे, कुंड्या, मोडक्या सायकली काढण्याविषयी मी एका महिन्यात नऊ नोटिसा दिल्या. वार्षिक सभेत तिसऱ्या मजल्यावरील एक तरुण सूनबाई उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "सर, आम्हांला नोटीस मिळाली, आम्ही कपाट काढतो. पण तुमच्या दाराबाहेर पुस्तकांचे कपाट आहे, त्याची नोटीस कोणाला गेली?" सभेत कोणी हसले नाही, हेच मला अधिक लागले. ते कपाट मला कधी दिसलेच नव्हते, कारण ते माझे होते. त्या रात्री मुलाच्या मदतीने मी ते आत घेतले. आठवड्याभरात जिना मोकळा झाला, आणि त्यासाठी दहावी नोटीस लागली नाही.

त्याच वर्षी पार्किंगसाठी चिठ्ठ्या टाकण्याचा ठराव मी मांडला. अकरा जागा आणि सतरा गाड्या होत्या. पहिल्या सोडतीत माझ्या मुलाची गाडी बाहेर गेली, आणि वर्षभर ती कोपऱ्यापलीकडच्या रस्त्यावर उभी राहिली. घरात थोडी नाराजी झाली. परंतु त्यानंतर सोडतीविषयी एकाही सभासदाने शंका घेतली नाही. मागच्या खोलीतील त्या मुलाची मला त्या दिवशी फार आठवण झाली. चिठ्ठीला जात कळत नाही, आणि चिटणिसाचा मुलगाही कळत नाही.

ही सारी क्षुल्लक भांडणे आहेत असे कोणी म्हणेल. २५ जुलै २०१७ रोजी मुंबईत घाटकोपर येथे एक चार मजली इमारत कोसळली आणि १७ माणसे मरण पावली. तळमजल्यावर चाललेल्या फेरफारांमुळे ती पडली असा ठपका ठेवण्यात आला. आपल्या घरात आपण काय करतो हे शेजाऱ्याने विचारू नये, अशी आजची रीत होऊ पाहत आहे. पण एका खांबावर सात मजले उभे असतात, तेथे विचारणे हा शेजाऱ्याचा हक्क आहे व सांगणे हे आपले कर्तव्य आहे. जिन्यात ठेवलेले कपाट आणि फाटकात आडवी लावलेली गाडी यांचा खरा हिशेब आग लागते त्या रात्री होतो.

कोतवालाकडे बळ होते, पण त्यास जाब विचारणारा कोणी नव्हता. सोजिराकडे हुकूम होता, पण लोकांचा विश्वास नव्हता. आत्याबाईंकडे माया व नजर होती, पण समदृष्टी नव्हती. सोसायटीची कमिटी या तिघांहून दुबळी आहे. तिच्याकडे ना दंडुका, ना जपमाळ. तिच्याकडे आहे एक वही आणि एक सभा. परंतु त्या वहीत सर्वांची नावे सारख्या अक्षरात लिहिता येतात, आणि त्या सभेत तिसऱ्या मजल्यावरची सून चिटणिसास प्रश्न विचारू शकते. तालमकींनी व त्यांच्या पिढीने आपल्या हाती दिलेली ही ठेव आहे.

ज्ञातिबांधव व भगिनींना एवढीच विनंती की, आपल्या सोसायटीची वार्षिक सभा चुकवू नये, आणि दुसऱ्याच्या दारातील कपाटाविषयी बोलण्यापूर्वी एकदा आपल्या दाराबाहेर पाहावे. मी ते उशिरा पाहिले.